दहा मीटरच्या क्लबसाठी हवा भरायची सोय : हातपंप, चिनी कॉम्प्रेसर की जर्मन यंत्र?

औसा_रेंज

नमस्कार मंडळी. औशाजवळ एका शाळेच्या सभागृहात १० मीटर नेमबाजीची चार लेनची रेंज आहे. ८ रायफली आणि ६ पिस्तुलं, सगळी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), २०० बार दाबाची. १४ पोरं-पोरी आठवड्याचे सहा दिवस सराव करायलेत, एकेकाचे रोजचे साधारण ८० शॉट होतात. सध्या सगळं हातपंपावर चालू आहे.

तीन कोटेशनं आलीत. चांगला तीन टप्प्यांचा हातपंप १८ हजार. पाण्याने थंड होणारा चिनी कॉम्प्रेसर ४२ हजार. जर्मन तीन टप्प्यांचा कॉम्प्रेसर ४ लाखांच्या वर. संस्थेकडे दीड लाख आहेत. वर्गणी काढली तर वर्षभरात चार लाख होतील, पण तोवर नवीन जॅकेटं, छऱ्यांचे डबे, सगळं थांबेल.

प्रश्न सरळ आहे : थांबून एकदाच भारी यंत्र घ्यावं, की स्वस्तावर भागवावं? स्वस्तात नेमकं काय बिघडतं? इथं संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० वर येतं आणि पाणी बोअरचं, जड. तेही धरून सांगा.

परभणी_१०मी

ताई, यंत्र बाजूला ठेवून आधी हवा मोजू या. बहुतेक क्लब इथंच चुकतात, कॉम्प्रेसरचा आकार ठरवतात आणि गरज किती हे बघतच नाहीत.

०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सोडायला स्पर्धेची रायफल एका शॉटला ७० ते १०० सीसी मोकळी (न दाबलेली) हवा खाते. पिस्तूल त्याहून कमी. आपण सगळीकडे १०० सीसी धरू, म्हणजे हिशोब जास्तीच्या बाजूला राहील. १४ जणांचे ८० शॉट म्हणजे ११२० शॉट, म्हणजे दिवसाला ११२ लिटर. सहा दिवसांचे ६७२ लिटर. बस, एवढीच तुमची आठवड्याची हवा.

आता हे तिन्ही पर्यायांवर ठेवून बघा. जर्मन बाऊर किंवा इटालियन कोल्ट्री यांची लहान यंत्रं मिनिटाला ८० ते १०० लिटर देतात. म्हणजे चार लाखांचं यंत्र आठवड्यात सात-आठ मिनिटं चालणार आणि उरलेला वेळ धूळ खात बसणार. चिनी यंत्र मिनिटाला २५-३० लिटर देतं, त्याला आठवड्याला २५ मिनिटं पुरतात. हातपंपाच्या एका दाबाला आदर्श परिस्थितीत पाव लिटर हवा आत जाते, दाब चढला की त्याहून कमी. ११२ लिटरला रोज सहा-सातशे दाब मारावे लागतील. ते काम कुणाच्या खांद्यावर टाकू नका. नेमबाजाच्या खांद्यावर तर अजिबातच नको, सरावाच्या आधी हात थरथरत असतील तर त्या सरावाला अर्थ उरत नाही.

मग माझं म्हणणं : तुम्हाला यंत्रापेक्षा साठा हवाय. १२ लिटरचा, २०० बारचा सिलिंडर १४० वर येईपर्यंत ७२० लिटर (१२ लिटर गुणिले ६० बार) देतो. म्हणजे एक सिलिंडर, एक आठवडा. दोन घेतले तर पंधरा दिवस. तो बाहेरून भरून आणायचा. लातुरात, नाहीतर संभाजीनगरच्या औद्योगिक भागात आगसुरक्षेचं काम करणारे लोक धुरात वापरायच्या श्वसनसंचांचे सिलिंडर भरतात, त्यांच्याकडे विचारा. त्यांची हवा गाळलेली, कोरडी असते, कारण ती माणसाच्या फुप्फुसात जायची असते.

औसा_रेंज

सर, पण सिलिंडर १४० वर आला तर रायफल २०० पर्यंत भरणारच नाही ना?

परभणी_१०मी

नाही भरणार, आणि सरावाला भरायची गरजही नाही. रायफलच्या सिलिंडरची क्षमता २०० सीसी धरा. १४० वरून ८० बारपर्यंत ६० बार, म्हणजे १२ लिटर, म्हणजे १२० शॉट. रोजचे ८० आरामात होतात. रेग्युलेटर असलेल्या रायफलला वरचा दाब २०० आहे की १४०, याने वेगात फरक पडत नाही. आतला रेग्युलेटर ठरावीक दाबच पुढे सोडतो. फरक पडतो तो फक्त किती शॉट मिळतात यात. स्पर्धेलासुद्धा ६० शॉट आणि आधीचे सराव-शॉट मिळून १०० धरले तर १० लिटर, म्हणजे ५० बार लागतात. १६० पुष्कळ झाले.

दोन सिलिंडर असतील तर भरताना आधी कमी दाबाचा जोडायचा, दाबाचा काटा थांबला की तो सिलिंडर बंद करून जास्त दाबाचा जोडायचा. अशाने भरलेला सिलिंडर बराच काळ वर राहतो. एकाच सिलिंडरवर, प्रत्येक वेळी १०० वर आलेली रायफल जोडली, तर साधारण १३-१४ भरण्यांत १२ लिटरचा सिलिंडर २०० वरून १८० वर येतो आणि ३१ भरण्यांत १६० वर. सिलिंडरवर खडूने आकडा लिहीत जा. पिस्तुलाचं सिलिंडर लहान असतं, म्हणून पिस्तुलं आधी भरा, रायफली नंतर.

वाळूज_फिटर

साठ्याचं पटलं. पण औशाहून दर पंधरा दिवसांनी दोन पोलादी सिलिंडर गाडीत घालून न्यायचे-आणायचे, हे सहा महिन्यांनी कुणीच करत नाही. मी चिनी यंत्राच्या बाजूने बोलतो, पण एका अटीवर : यंत्राला ४२ हजार देऊन थांबायचं नाही. भारी आणि स्वस्त यंत्रांत खरा फरक आहे तो हवा कोरडी करण्यात, तेवढा भाग बाहेरून जोडून घ्यायचा. दाब दोघंही देतात, ३०० बार चिनी यंत्रही आणतं.

पाण्याचा हिशोब बघा. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. मे महिन्यात ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ते ११ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १२ लिटरचा रिकामा सिलिंडर २०० बारला भरायला जी २४०० लिटर हवा लागते, तिच्यासोबत पावसाळ्यात ५५ ग्रॅम पाणी यंत्रात शिरतं. दाबलं की हवा लहान होते, पाण्याला जागा उरत नाही, ते थेंब होऊन बसतं. ते बाहेर पडलं नाही तर सिलिंडरच्या बुडाशी, तिथून रायफलच्या रेग्युलेटरमध्ये. रेग्युलेटरमध्ये वाटीसारख्या पातळ स्प्रिंग-चकत्या एकावर एक असतात. त्यांना गंज धरला की त्या अडकतात आणि दाब हळूहळू चढायला लागतो.

भारी यंत्रात तीन गोष्टी असतात ज्या चिन्यात नसतात किंवा नावाला असतात. एक, टप्प्याटप्प्यावर हवा थंड करणारी नळी आणि पाणी वेगळं करणारी कुपी. दोन, शेवटी मोठी गाळणी : आधी मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे), मग सक्रिय कोळसा. हा क्रम उलटा करू नका, ओला कोळसा तेलाचा वास धरत नाही. आणि तीन, ज्याकडे कुणी बघत नाही : गाळणीच्या पुढे बसवलेला दाब राखणारा व्हॉल्व्ह. गाळणीत ठरावीक दाब झाल्याशिवाय तो हवा पुढे सोडतच नाही.

याचं महत्त्व आकड्यात सांगतो. गाळणीत शिरणारी हवा ४५ अंशाला असेल तर त्या तापमानाला घनमीटरभर जागेत ६५ ग्रॅम वाफ मावते, दाब कितीही असो. १५० बारला त्या एका घनमीटरमध्ये १५० घनमीटर मोकळी हवा कोंबलेली असते, म्हणजे मोकळ्या हवेच्या घनमीटरला अर्ध्या ग्रॅमहून कमी पाणी गाळणीवर येतं. तेच १० बारला साडेसहा ग्रॅम, पंधरापट. म्हणून रिकाम्या सिलिंडरला यंत्र जोडून थेट सुरू केलं तर पहिली सगळी हवा कमी दाबाने गाळणीतून पळते, सीव्ह भिजवते आणि पाणी पुढे नेते.

हा व्हॉल्व्ह स्वतंत्र मिळतो, मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर हातानेच ते काम करा : सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून यंत्र सुरू करायचं, काटा सिलिंडरमधल्या दाबाच्या किंचित वर गेला की व्हॉल्व्ह हळू उघडायचा. आणि साठ्याचा सिलिंडर १०० च्या खाली कधी जाऊ द्यायचा नाही. १४० ला भरायला लावलात तर गाळणी कायम चांगल्या दाबावरच काम करते. परभणीच्या सरांचा १४० चा आकडा इथंही उपयोगी पडतो.

कुपीचा ड्रेन (पाणी सोडायची तोटी) दर पाच मिनिटांनी उघडायचा. पावसाळ्यात पाच मिनिटांत तीन-साडेतीन मिलिलिटर पाणी येतं, तेलाचा पांढरट फेस घेऊन. काहीच आलं नाही तर खूश होऊ नका, पाणी पुढे गेलंय.

नांदेड_पिस्तूल

हातपंप अगदीच टाकाऊ ठरवू नका. क्लबचा मुख्य आधार म्हणून तो चालत नाही हे खरं. पण स्पर्धेला गेल्यावर, लाईट नसताना, एखाद्या पिस्तुलाला ३० बार हवेत तेव्हा तोच कामाला येतो. १८ हजारांचा नवीन कशाला, आहे तोच नीट वापरा.

दाब मारताना दोन्ही टोकांना एक-दोन सेकंद थांबायचं. पहिल्या टप्प्यातली हवा दुसऱ्यात सरकायला तेवढा वेळ लागतो. घाईघाईने अर्धे-मुर्धे दाब मारले तर फक्त उष्णता तयार होते आणि काटा हलत नाही. हात सरळ ठेवून शरीराचं वजन टाकायचं, कोपरातून ढकलायचं नाही. १५० च्या वर ६०-७० किलोचा माणूस लागतो, आठवी-नववीच्या पोरांना तिथं उभं करू नका. ५० दाब झाले की पाच-दहा मिनिटं थांबा आणि ड्रेन उघडा. रायफल १०० वरून २०० करायला २० लिटर हवा जाते, पावसाळ्यात तिच्यात जवळपास अर्धा ग्रॅम पाणी असतं. ऐकायला थोडं वाटतं, पण २०० सीसीच्या नळकांड्यात रोज अर्धा ग्रॅम म्हणजे काय होईल ते बघा. ड्रेन उघडत राहिलात तर यातलं बरंचसं पंपातूनच बाहेर पडतं.

पंप आतून कोरडा वाटला म्हणून ग्रीस, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, काहीही घालायचं नाही. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. साधं तेल दाबलेल्या गरम हवेत पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसंच.

औसा_रेंज

एक विचारायचं राहिलं. गावात वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर असतात, १५० बारचे. एक पालक म्हणतात अ‍ॅडॉप्टर बनवून त्यावरूनच भरू, हवेसारखंच आहे, शिवाय कोरडं आहे.

वाळूज_फिटर

नको. अजिबात नको. आजच त्या पालकांना सांगा.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. त्या काळ्या सिलिंडरमध्ये जवळपास शंभर टक्के, आणि दाब १५० बार. रायफलच्या भरण-व्हॉल्व्हमध्ये, काट्यात, नळीत कुठे ना कुठे ग्रीसचा अंश असतोच. व्हॉल्व्ह उघडला की पुढच्या बंद टोकाला वायू क्षणात दाबला जातो, तिथं तापमान काहीशे अंशांवर जातं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्या तापमानाला ग्रीस, रबर, ओ-रिंगच नाही तर अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडंसुद्धा जळतं. ते गळत नाही, फुटतं. आणि भरणाऱ्याचा चेहरा त्यावर वाकलेला असतो.

दवाखान्यातलाही नको, तोही काळाच असतो, फक्त खांदा पांढरा. ऑक्सिजनच्या सिलिंडरला बसेल असा अ‍ॅडॉप्टर क्लबच्या कपाटात असूच नये. असेल तर मोडून टाका.

बीड_रेग्युलेटर

नायट्रोजनचं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. तो कोरडा असतो आणि पेटत नाही, पण कारखान्यांचे सिलिंडरही साधारण १५० बारचेच असतात आणि बंद सभागृहात गळती झाली तर कळतसुद्धा नाही. बहुतेक निर्मात्यांच्या पुस्तकात हवाच भरा असं लिहिलेलं असतं. जे पुस्तकात आहे तेच भरा.

हवा वाईट जात असेल तर ते कसं ओळखायचं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) नसेल तर तो आधी घ्या, कॉम्प्रेसरच्याही आधी. एकाच डब्यातल्या छऱ्यांचे १० शॉट सलग मारा आणि वेग लिहा. चांगल्या रायफलीत सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी वेगातला फरक सेकंदाला दोन-तीन मीटरच्या आत राहतो. मग रायफलच्या नळकांड्यात हवा तशीच ठेवून दहा मिनिटं थांबा आणि एक शॉट मारा. त्याचा वेग आधीच्या सरासरीपेक्षा पाच मीटरने किंवा त्याहून जास्त निघाला तर रेग्युलेटरमधून दाब सरकतोय. कार्डावर हे असं दिसतं : थोडं थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो, बाकीचे बरोबर. पोरगी म्हणते माझी पकड चुकली, प्रशिक्षक म्हणतो श्वास चुकला, आणि चूक असते रेग्युलेटरची. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, अशा खेळात हा फरक माफ होत नाही.

उलट वेग हळूहळू उतरत गेला, भरल्यावर पुन्हा वर आला आणि पुन्हा उतरला, तर रेग्युलेटरला दोष देण्याआधी काटा तपासा. चिनी नळीवरचे लहान काटे १० बारने सहज चुकतात. साठ्याच्या सिलिंडरवरचा मोठा काटा आणि रायफलचा काटा शेजारी ठेवून बघा.

महिन्यातून एकदा प्रत्येक रायफलचं नळकांडं पूर्ण भरून रात्रभर बाजूला ठेवा. सकाळी १० बारने उतरलं तर साबणाचं पाणी लावा, बहुतेक वेळा भरायच्या तोंडाची ओ-रिंग असते. ती बदलायची तर आधी दाब पूर्ण सोडा. आणि सोडताना सावकाश. एकदम सोडला तर रबरात शिरलेली हवा फुगते आणि ओ-रिंगला फोड येतात.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं. तरी मी भारी यंत्राचीच बाजू घेतो, पण एका क्लबने नाही. औसा, लातूर, नांदेड, परभणी, चौघांनी मिळून एक घ्या. एका क्लबची गरज आठवड्याला सात मिनिटांची असेल तर चार क्लबांची अर्ध्या तासाची. त्यावर १२ लिटरचा सिलिंडर १४० वरून २०० करायला सात-आठ मिनिटं लागतात. गाळणी आयतीच, दाब राखणारा व्हॉल्व्ह आतच, सुटे भाग दहा वर्षांनीही मिळतात. चिनी यंत्राचा दुसऱ्या टप्प्याचा पिस्टन किंवा पांढरी रिंग गेली की तेच मॉडेल बाजारात नसतं, आणि जुळणारी रिंग शोधत बसावं लागतं. वर्षानुवर्षं चालवायचं असेल तर हा खर्च मोजा.

परभणी_१०मी

भाऊ, कागदावर बरोबर आहे. पण यंत्र ठेवणार कुठं, तेल-गाळणी कोण बदलणार, बिल कुणाच्या नावावर, हे एका बैठकीत ठरत नाही. ताईंना पुढच्या महिन्यात हवा लागणार आहे. चौघांचं जुळलं तर आत्ता घेतलेले सिलिंडर तेव्हाही उपयोगाचेच आहेत. म्हणूनच मी आधी सिलिंडर म्हणतो. ते कुठल्याच निर्णयात वाया जात नाहीत.

सिलिंडर घेताना मात्र घासाघीस नको. पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांचे, आगसुरक्षेचे जुने सिलिंडर स्वस्तात मिळतात. खांद्यावरचे शिक्के वाचा : कामाचा दाब, चाचणीचा दाब, आणि शेवटच्या चाचणीची तारीख. पोलादी सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी दर ५ वर्षांनी असते. कार्बन-तंतूंच्या सिलिंडरवर आयुष्य छापलेलं असतं, बहुतेक १५ वर्षं. ती संपली की ते फुकटातही घेऊ नका, बाहेरून चकचकीत दिसलं तरी. आयात केलेल्या सिलिंडरला नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता आहे का ते विचारा, गॅस सिलिंडर नियम २०१६ त्यांच्याच अखत्यारीत येतात. कागद दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात.

आणि रायफलच्या नळकांड्यांवरची तारीखही आजच तपासा. आंतरराष्ट्रीय नियमात हवेच्या नळकांड्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे आणि ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूवर आहे. स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर कळलं तर वर्षभराची मेहनत तिथंच थांबते.

वाळूज_फिटर

ताईंचे दोन प्रश्न राहिलेत, व्होल्टेज आणि पाणी.

मोटर १.८ किलोवॅटची आहे असं धरतो. २३० च्या जागी १८५ व्होल्ट मिळाले तर जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ६५ टक्क्यांच्या आसपास उरतो. २०० बारच्या विरुद्ध त्या जोरात पिस्टन अडखळतो, मोटर गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. संध्याकाळी चालवूच नका. पहाटे पाच-सहाला व्होल्टेज चांगलं असतं आणि हवाही थंड असते. पहाटेची हवा कोरडी असते अशी समजूत आहे, ती मात्र सोडा. हवेतलं एकूण पाणी दुपारी आणि पहाटे जवळपास तेवढंच असतं. फायदा फक्त थंडाव्याचा. १६ अँपियरचं सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एक्स्टेंशन बोर्ड नको.

मधेच लाईट गेली तर आधी बटण बंद करा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग दोन्ही ड्रेन उघडून यंत्रातला दाब सोडा. लाईट आली की ड्रेन उघडे ठेवूनच सुरू करा, १०-१५ सेकंद मोकळं फिरू द्या, मग ड्रेन बंद करा. दाब आत असताना लाईट आपोआप आली तर मोटर फिरत नाही, जळते. आपल्याकडे ही यंत्रं बहुतेक याच कारणाने जातात.

बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार सिलिंडर-हेडच्या बारीक वाटांत बसतात, पाणी वाहतं पण उष्णता घेत नाही. आरओचं किंवा बॅटरीचं पाणी आणि थोडं गाडीचं कूलंट वापरा. २० लिटरची बादली दहा मिनिटांत नऊ-दहा अंशांनी तापते. मे महिन्यात सुरुवातच ३४ ला होते. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या बर्फ करून बादलीत टाका, जवळजवळ तेवढीच उष्णता ती खाते. हेडचं तापमान ६०-६५ अंशांवर गेलं की थांबा. दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं विश्रांती.

तेल यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं आणि ग्रेडचं, इंजिन ऑइल नाही. नवीन यंत्राचं पहिलं तेल तीन-चार तासांत बदला, त्यात धातूचा चुरा असतो. हवा ओढायच्या तोंडावरची गाळणी दर आठवड्याला झटका. सुगीत तर रोज, काळ्या रानातली धूळ बारीक असते, ती रिंगा घासून टाकते.

आणि या यंत्राची हवा कुणाला श्वासासाठी देऊ नका. अग्निशमनवाले मागतील, शाळा मागेल, नाही म्हणा. तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायची सोय आपल्याकडे नाही.

नांदेड_पिस्तूल

भरताना हळू भरा, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. एक रायफल एक मिनिट. झटकन भरली की नळकांडं ६० अंशावर जातं. २०० दिसतात, थंड होऊन ३० अंशाला आलं की १८२ उरतात, आणि पोरं म्हणतात गळतंय. उलटही होतं : थंड खोलीत २५ अंशाला २०० भरलं आणि उन्हात उभ्या गाडीत ६५ अंशाला राहिलं तर २२७ बार. मे महिन्यात स्पर्धेला जाताना १७० वर ठेवा, तिथं जाऊन वर भरा. रायफल डिकीत टाकून जेवायला उतरू नका.

औसा_रेंज

सगळ्यांचे आभार. दोन १२ लिटरचे सिलिंडर, क्रोनोग्राफ आणि चिनी यंत्र गाळणीसकट, असं दीड लाखात बसवते. गाळणीत सीव्ह किती घालायचा आणि कधी बदलायचा, तेवढं सांगा.

वाळूज_फिटर

१३एक्स प्रकारचा सीव्ह, १०० ग्रॅम. तो वजनाच्या १५ टक्के पाणी धरतो असं धरा, म्हणजे १५ ग्रॅम. चांगल्या दाबावर चालवलंत तर घनमीटरला अर्धा ग्रॅम येतो, म्हणजे ३० घनमीटर हवा. तुमची आठवड्याची ६७२ लिटर धरली तर हिशोबाने ४० आठवड्यांच्या वर जातो. पण सुरुवातीची कमी दाबाची हवा आणि विसरलेले ड्रेन धरून मी तीन महिन्यांनी बदला म्हणेन, पावसाळ्यात दोन. भरायच्या आधी वजन करून डब्यावर लिहा, काढल्यावर पुन्हा करा. १० ग्रॅम वाढलं असेल तर पुढच्या वेळी आधी बदलायचा. सीव्हची पिशवी उघडली की लगेच भरा, उघडा ठेवला तर तो खोलीतलंच पाणी पितो. आणि सीव्ह-कोळशाच्या मध्ये व शेवटी दाट फेल्टची चकती घाला, नाहीतर सीव्हची पांढरी भुकटी थेट रायफलमध्ये जाते.